फोटॉनच्या ग्राफवरून केंद्रकाचा आकार कसा काढायचा: होल्मियम घेऊन एकेक पायरी

समोर एक ग्राफ आहे असं धरा. आडव्या अक्षावर फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या कणाची, ऊर्जा, ८ पासून २० एमईव्हीपर्यंत (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट), आणि उभ्या अक्षावर शोषणाचा क्रॉस सेक्शन, म्हणजे अणूचं केंद्रक फोटॉन गिळायची शक्यता किती ह्याचं माप, मिलिबार्नमध्ये. शिसं-२०८ चा ग्राफ काढलात तर १३.४ एमईव्हीच्या आसपास एकच उंच डोंगर दिसतो. होल्मियम-१६५ चा काढलात तर डोंगर दोन, एक १२.३ ला आणि दुसरा १५.८ च्या जवळ, मध्ये थोडा खळगा. दोन्ही जड केंद्रकं, दोन्हींवर तेच फोटॉन सोडलेत, मग एकाला एक आणि दुसऱ्याला दोन असं का? कारण शिसं बुंदीच्या लाडवासारखं गोल आहे आणि होल्मियम घोलवडच्या चिकूसारखा लांबट. आणि किती लांबट ते ह्या दोन आकड्यांवरून साध्या कॅल्क्युलेटरवर निघतं, तेच आज करायचंय.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला हा विषय बऱ्याच जणांना मिळतो आणि बहुतेक जण डेटा डाउनलोड करतात, दोन लोरेंट्झ (डोंगराच्या आकाराचे वक्र) बसवतात, काय-स्क्वेअर (वक्र डेटाशी किती जुळतो त्याचं माप) चांगला आला की खूश होतात. मीही तेच केलं होतं आणि पार तोंडावर पडलो होतो, ते पुढे सांगतो.

आधी हे डोंगर येतात कुठून ते समजून घ्या

१५ एमईव्हीच्या फोटॉनची तरंगलांबी साधारण ८३ फेम्टोमीटर (एक फेम्टोमीटर म्हणजे १०⁻¹⁵ मीटर) असते आणि होल्मियमच्या केंद्रकाचा व्यास जेमतेम १३. म्हणजे केंद्रकाच्या दृष्टीने फोटॉनचं विद्युत क्षेत्र सगळीकडे जवळपास सारखंच असतं, ते सगळ्या प्रोटॉनना एकदम एका बाजूला ओढतं, वस्तुमानाचा मध्य जागेवर राहायला हवा म्हणून न्यूट्रॉन उलट बाजूला सरकतात, मग परत ओढ, परत उलट, असं प्रोटॉनचा गठ्ठा विरुद्ध न्यूट्रॉनचा गठ्ठा हिंदकळणं सुरू होतं. ह्यालाच जायंट डायपोल रेझोनन्स म्हणतात, पुढे मी नुसतं जीडीआर लिहीन. मिग्दाल यांनी १९४४ मध्ये हे गणितात मांडलं होतं, आणि १९४७ मध्ये बाल्डविन आणि क्लायबर यांना जनरल इलेक्ट्रिकच्या बीटाट्रॉनवर, म्हणजे इलेक्ट्रॉनना वेग देणाऱ्या यंत्रावर, ते प्रत्यक्ष दिसलं.

आता आकाराचा मुद्दा. आयताकृती ट्रेमध्ये पाणी घ्या आणि हलवा. लांबीच्या दिशेने पाणी सावकाश हिंदकळतं, रुंदीच्या दिशेने भराभर, कारण लांब पल्ला जायला वेळ जास्त लागतो. केंद्रकातही तसंच: लांब अक्षावर हिंदकळायची वारंवारता कमी म्हणजे ऊर्जा कमी, आखूड अक्षावर ऊर्जा जास्त. चिकूला लांब अक्ष एक आणि आखूड अक्ष दोन, म्हणून ऊर्जा दोन पण वाटे तीन: खालच्या डोंगराला एक वाटा, वरच्याला दोन. हा एकास दोनचा हिशोब नीट डोक्यात ठेवा, कारण अख्ख्या कामात सगळ्यात जास्त माहिती ह्यातच आहे आणि लोक नेमकं ह्याच्याकडेच बघत नाहीत.

उलट चपटं केंद्रक असेल, म्हणजे नागपुरी संत्र्यासारखं दोन्ही टोकांना दबलेलं, तर लांब अक्ष दोन आणि आखूड एक, म्हणजे खालचा डोंगर मोठा आणि वरचा छोटा. डोंगरांच्या जागा दोन्ही बाबतीत सारख्याच दिसू शकतात, फरक कळतो तो फक्त क्षेत्रफळावरून.

आकारामुळे जीडीआर फाटेल हे ओकामोतो आणि डॅनोस यांनी १९५६ ते १९५८ च्या दरम्यान वेगवेगळं सांगितलं, आणि १९५८ मध्येच अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये फुलर आणि वाइस यांनी टर्बियम आणि टँटलमवर ते मोजून दाखवलं. मला ह्या गोष्टीचं अजून अप्रूप वाटतं, कारण गॅडोलिनियम-१६० सारख्या केंद्रकाचा स्पिन शून्य असतो, त्याचा क्वाड्रुपोल मोमेंट (विद्युतभार गोलापेक्षा किती लांबट किंवा चपटा पसरलाय त्याचं माप) बाहेरून थेट मोजायला गेलात तर शून्यच येणार, कारण ते सगळ्या दिशांना सारखंच पसरलेलं दिसतं. पण जीडीआरचं एक हिंदकळणं साधारण ३ × १०⁻²² सेकंदात होतं, आणि केंद्रकाचं स्वतःभोवती फिरणं त्याच्या शंभरपट वगैरे सावकाश. म्हणजे फोटॉनच्या लेखी केंद्रक जागच्या जागी थिजलेलं असतं आणि त्याला खरा, आतला आकार दिसतो. फिरणाऱ्या पंख्याचा फोटो खूप कमी शटर टाइमला काढला की पाती वेगवेगळी दिसतात ना, तसं.

पायरी १: डेटा कुठला घ्यायचा

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा एजन्सीचा एक्सफोर डेटाबेस फुकट आहे, त्यात रिअ‍ॅक्शनच्या जागी गॅमा (म्हणजे आपले फोटॉन) आणि टार्गेटच्या जागी होल्मियम-१६५ टाकलं की बरेच सेट येतात. इथेच पहिली गडबड होते. एकाच केंद्रकाचे दोन-तीन प्रयोगशाळांचे सेट असतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. जुन्या मोजमापांपैकी सगळ्यात जास्त डेटा अमेरिकेतल्या लिव्हरमोर आणि फ्रान्समधल्या साक्ले इथला आहे, दोघांनीही पॉझिट्रॉन उडता उडता नष्ट करून जवळपास एकाच ऊर्जेचे फोटॉन बनवायची पद्धत वापरली, आणि तरीही एक न्यूट्रॉन आणि दोन न्यूट्रॉन बाहेर पडण्याचे त्यांचे आकडे वेगवेगळे येतात. हे भांडण जुनं आहे, तुमच्या प्रोजेक्टमध्ये ते सुटणार नाहीये, फक्त ते आहे हे माहीत असू द्या.

त्याहून जुने सेट ब्रेम्सस्ट्रालुंगचे आहेत. त्यात फोटॉनची ऊर्जा एक नसते, शून्यापासून टोकापर्यंत सगळ्या ऊर्जांची भेळ असते, मग गणिताने ती सोडवून क्रॉस सेक्शन काढतात. अशा सेटमध्ये खोटे खळगे आणि खोटी शिखरं येऊ शकतात, आणि आपण तर नेमकं दोन शिखरांच्या शोधात आहोत, म्हणजे आपल्याला हवं तेच दिसायचा धोका जास्त. पर्याय असेल तर ते टाळा. नवीन डेटा लेझर कॉम्प्टन पद्धतीचा (लेझरचा प्रकाश वेगवान इलेक्ट्रॉनवर आपटून फोटॉन बनवायची पद्धत) असतो, जपानमधल्या न्यूसुबारूला किंवा अमेरिकेत ड्यूकच्या एचआयगॅमाएसला घेतलेला, तो सहसा स्वच्छ असतो.

आपण होल्मियमचा लिव्हरमोरचा १९६९ चा सेट धरू. होल्मियम निवडायचं कारण सोपं आहे, निसर्गात त्याचं एकच समस्थानिक आहे, म्हणजे महागडं एनरिच केलेलं टार्गेट लागत नाही आणि भेसळीची चिंता नाही.

पायरी २: हे खरंच शोषण आहे का, की नुसती न्यूट्रॉनची मोजदाद

ही पायरी कंटाळवाणी आहे पण हिच्यावरच मी आपटलो.

फोटॉन किती शोषले गेले हे सहसा कोणी थेट मोजत नाही. केंद्रकाने फोटॉन गिळला की ते तापतं आणि न्यूट्रॉन बाहेर टाकतं, ते न्यूट्रॉन मोजतात. जड केंद्रकांत हे चालतं, कारण प्रोटॉनला बाहेर पडायला कूलॉमची, म्हणजे विद्युतभारामुळे तयार होणारी, भिंत आडवी येते आणि तो सहसा बाहेर पडतच नाही. होल्मियममध्ये एक न्यूट्रॉन सुटायला साधारण ८ एमईव्ही लागतात आणि दोन सुटायला १४.७ च्या आसपास. म्हणजे १४.७ च्या वर एका फोटॉनमागे दोन न्यूट्रॉन मिळू शकतात. एक्सफोरमध्ये काही सेट न्यूट्रॉन यिल्डचे असतात, त्यात दोन न्यूट्रॉनवाली घटना दोनदा मोजलेली असते, आणि काही सेट खऱ्या बेरजेचे असतात, त्यात ती एकदाच. तुम्हाला दुसरा हवाय.

मी पहिला घेतला होता. ग्राफ सुंदर दिसत होता, दोन डोंगर लख्ख, फिट पण झकास, फक्त वरचा डोंगर खालच्याच्या साडेतीनपट झाला होता आणि एकूण क्षेत्रफळ नियमापेक्षा कितीतरी जास्त. मी त्यावर 'केंद्रकाचा आकार अपेक्षेहून विचित्र' असं लिहून मोकळा झालो. सरांनी वही बघितली, एकच प्रश्न विचारला, 'हे न्यूट्रॉन आहेत का फोटॉन?' आणि चहा प्यायला निघून गेले. पुढचे दोन आठवडे परत सगळं करण्यात गेले.

तर कॉलमचं हेडिंग नीट वाचा. फक्त एक-न्यूट्रॉनचा आणि फक्त दोन-न्यूट्रॉनचा असे वेगळे सेट मिळाले तर दोन्ही सरळ बेरीज करा, दुसऱ्याला दोनने गुणू नका. आणि युरेनियम-२३८ सारखं काही घेत असाल तर फिशन पण मिळवा, तिथे फोटॉन गिळलेली बरीच केंद्रकं न्यूट्रॉन टाकत बसत नाहीत, सरळ फुटतात, ते सोडलंत तर डोंगराचा मोठा तुकडाच गायब होईल.

पायरी ३: फिट

प्रत्येक डोंगराला एक लोरेंट्झ वक्र:

क्रॉस सेक्शन = शि × (ई × रुं)² ÷ [ (ई² − म²)² + (ई × रुं)² ]

इथे ई म्हणजे फोटॉनची ऊर्जा, म म्हणजे डोंगराच्या मध्याची ऊर्जा, रुं म्हणजे रुंदी आणि शि म्हणजे शिखराची उंची. गोल केंद्रकाला असा एक, लांबट केंद्रकाला दोन आणि त्यांची बेरीज. पायथनमध्ये सायपायचं कर्व्ह फिट वापरा नाहीतर एक्सेलचा सॉल्व्हर, दोन्हीने उत्तर तेच येतं, ज्याच्यावर हात बसलाय ते घ्या.

सुरुवातीचे आकडे बरोबर द्यायला हवेत, नाहीतर फिट भलतीकडेच जातं. खालच्या डोंगराला मध्य १२, रुंदी २.५, उंची २००. वरच्याला मध्य १५.५, रुंदी ५, उंची २२०. वरच्याची रुंदी जवळजवळ दुप्पट का, तर जितकी ऊर्जा जास्त तितके विस्कटायचे मार्ग जास्त, म्हणून रुंदी ऊर्जेबरोबर झपाट्याने वाढते, अंदाजे वर्गाच्या प्रमाणात. रुंदी म्हणजे आयुष्य किती कमी ह्याचंच माप असतं: ४ एमईव्ही रुंदी म्हणजे १.६ × १०⁻²² सेकंद. वर सांगितलं तसं एका हिंदकळण्याला ह्याच्या दुप्पट वेळ लागतो, म्हणजे बिचारं एक पूर्ण झोकासुद्धा नीट घेत नाही आणि विरून जातं. तरीही आपण त्याला रेझोनन्स म्हणतो आणि तरीही त्यातून आकार कळतो.

फिटची रेंज साधारण १० ते १८-१९ एमईव्ही ठेवा. खाली न्यूट्रॉनच्या उंबरठ्याजवळचे बिंदू घेऊ नका, तिथे आकार सोडून इतर भानगडी असतात. वर २० च्या पुढे लोरेंट्झची शेपटी आणि खरा डेटा जुळत नाहीत, ती शेपटी जुळवायच्या नादात फिट तुमची वरची रुंदी फुगवतं.

फिट झालं की होल्मियमला असे आकडे यायला हवेत: खालचा डोंगर १२.२८ एमईव्ही, उंची २१४ मिलिबार्न, रुंदी २.५७. वरचा १५.७८, उंची २४६, रुंदी ५.००. दुसऱ्या-तिसऱ्या दशांशाला फरक पडला तर घाबरू नका, पण मध्य अर्ध्या एमईव्हीने सरकला असेल तर काहीतरी चुकलंय.

एक सवय लावून घ्या: आधी एकाच लोरेंट्झने फिट करून बघा. एकानेच डेटा नीट बसत असेल तर दोन लावायचा हक्क तुम्हाला नाही. सहा आकडे हातात असले की काहीही बसवता येतं.

पायरी ४: ऊर्जेवरून आकार

ढोबळ नियम असा की ऊर्जा अक्षाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे १५.७८ भागिले १२.२८, १.२८५, तेवढंच लांब अक्ष आणि आखूड अक्षाचं गुणोत्तर. पण लंबगोलाच्या आतला द्रव कसा हिंदकळतो ह्याचं गणित डॅनोस यांनी पूर्ण केलं तेव्हा थोडी दुरुस्ती निघाली:

वरची ऊर्जा ÷ खालची ऊर्जा = ०.९११ × (लांब ÷ आखूड) + ०.०८९

आपल्यासाठी: १.२८५ वजा ०.०८९, म्हणजे १.१९६, त्याला ०.९११ ने भागा, १.३१३. होल्मियमचा लांब अक्ष आखूड अक्षाच्या १.३१ पट. चिकूची उपमा उगाच दिली नव्हती.

ह्याला केंद्रकाच्या पुस्तकी भाषेत, म्हणजे बीटा नावाच्या मापात बदलायचं; गोल केंद्रकाचा बीटा शून्य, जितकं लांबट तितका तो मोठा. हे गुणोत्तर ग म्हटलं तर

बीटा = (ग − १) ÷ (०.६३ + ०.३१५ × ग)

०.३१३ भागिले १.०४४, ०.३०. दुसऱ्या पद्धतींनी काढलेला होल्मियमचा बीटा पण ०.३ च्या आसपासच येतो, म्हणजे गाडी रुळावर आहे.

इथे एरर बार द्यायला विसरू नका. खालच्या मध्यात ०.१ आणि वरच्या मध्यात ०.१५ इतकी अनिश्चितता धरली तर बीटामध्ये साधारण ०.०१५ येते. म्हणून ०.३० लिहा, ०.२९९७ लिहू नका. कॅल्क्युलेटर दहा आकडे दाखवतो म्हणून दहाही उतरवायचे नसतात.

हौस असेल तर क्वाड्रुपोल मोमेंट पण काढा. त्रिज्या १.२ गुणिले १६५ चं घनमूळ, म्हणजे ६.५८ फेम्टोमीटर. घनफळ तेवढंच राहिलं पाहिजे ह्या अटीवर आखूड अक्ष ६.०१ आणि लांब ७.८९ येतो. मग ०.४ गुणिले ६७ प्रोटॉन गुणिले दोन्ही वर्गांची वजाबाकी, २६.२, हे सगळं मिळून ७०० वर्ग फेम्टोमीटर, म्हणजे ७ बार्न. दुसऱ्या पद्धतींनी तो साडेसातच्या आसपास मिळतो. फोटॉन गिळून न्यूट्रॉन मोजले आणि त्यातून विद्युत मोमेंट दहा टक्क्यांच्या आत आला, मला तरी हे भारी वाटतं.

पायरी ५: क्षेत्रफळ, आणि हीच खरी परीक्षा

लोरेंट्झखालचं क्षेत्रफळ म्हणजे १.५७१ × उंची × रुंदी. खालच्याचं ८६४, वरच्याचं १९३२ एमईव्ही-मिलिबार्न. गुणोत्तर २.२. अपेक्षा दोनची, मिळाले २.२, ह्या डेटाच्या दर्जात हे चालून जातं. म्हणजे होल्मियम लांबटच आहे, चपटं नाही. चपटं असतं तर हे गुणोत्तर अर्ध्याजवळ आलं असतं.

नुसत्या ऊर्जा बघून थांबलात तर लांबट-चपट्याचा हा फैसला होतच नाही. मी वाचलेल्या बऱ्याच विद्यार्थ्यांच्या रिपोर्टमध्ये पायरी ४ चं टेबल छान असतं आणि क्षेत्रफळाचा पत्ताच नसतो. माझं मत विचाराल तर वेळ कमी असेल तेव्हा पायरी ४ मधला क्वाड्रुपोल सोडा पण क्षेत्रफळ सोडू नका.

दुसरी तपासणी एकूण बेरजेची. थॉमस, राइशे आणि कून यांच्या नावाचा नियम सांगतो की एकूण डायपोल शोषण ६० × न्यूट्रॉन × प्रोटॉन ÷ एकूण कण, इतकं असतं, एमईव्ही-मिलिबार्नमध्ये. होल्मियमला ९८ न्यूट्रॉन, ६७ प्रोटॉन, १६५ कण, म्हणजे २३९० च्या आसपास. आपली बेरीज २७९६, नियमाच्या १.१७ पट. एक ते सव्वापट येणं नेहमीचंच आहे, कारण केंद्रकातल्या बलांमुळे नियमापेक्षा थोडं जास्त येतंच. दीडपटीच्या वर गेलात तर पायरी २ वर परत जा. पाऊणपट आलं तर काहीतरी गळालंय, फिशन, प्रोटॉन, किंवा डिटेक्टरची कार्यक्षमता.

आणि तिसरी, झटपट: सरासरी ऊर्जा, म्हणजे खालची एकदा आणि वरची दोनदा धरून, १४.६. सगळ्या केंद्रकांसाठीचा जो ढोबळ फॉर्म्युला आहे, ३१.२ भागिले कणसंख्येचं घनमूळ अधिक २०.६ भागिले कणसंख्येचं सहावं मूळ, तो १४.५ देतो. म्हणजे आकारामुळे डोंगर फाटतो, पण एकूण मध्य फारसा हलत नाही.

पायरी ६: एकट्या केंद्रकावर विश्वास ठेवू नका, रांग बघा

निओडायमियम हे ह्याचं शाळेतलं उदाहरण आहे. निओडायमियम-१४२ मध्ये ८२ न्यूट्रॉन, जादुई आकडा (न्यूट्रॉनचे थर पूर्ण भरतात असा), केंद्रक गोल, एकच डोंगर १४.९ च्या जवळ, रुंदी साधारण साडेचार. मग न्यूट्रॉन वाढवत जा, १४४, १४६, १४८, डोंगर पसरत जातो, १४८ ला रुंदी सातच्या आसपास पोचते, आणि १५० ला साक्लेच्या १९७१ च्या डेटामध्ये स्पष्ट दोन डोंगर, १२.३ आणि १६.०. प्रोटॉन तेवढेच, ६०, फक्त आठ न्यूट्रॉन वाढले आणि लाडवाचा चिकू झाला. कित्येक पुस्तकांत ही आकृती असते.

पण १४८ वर जरा थांबा. रुंद झालेला डोंगर म्हणजे जवळजवळ आलेले दोन डोंगर, असं सरळ म्हणता येत नाही. मधल्या केंद्रकांचा आकार एक नसतोच, ती सतत थोडी लांबट, थोडी गोल, थोडी चपटी अशी डुलत असतात, फोटॉन प्रत्येक वेळी त्यांना वेगळ्या पोजमध्ये पकडतो आणि सगळे फोटो एकावर एक पडून डोंगर नुसता फुगतो. इथे दोन लोरेंट्झ बसवून मिळालेला बीटा लिहायचा तर 'सरासरी' हा शब्द लावून लिहा, किंवा नकाच लिहू.

आणि आता गंमत. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या आयथेंबा लॅब्समधून हीच निओडायमियमची रांग परत मोजलेली छापून आली, पण वेगळ्या मार्गाने: फोटॉन न सोडता २०० एमईव्हीचे प्रोटॉन केंद्रकाच्या अगदी जवळून शून्य अंशाला जाऊ दिले, त्यांचं विद्युत क्षेत्र केंद्रकाला फोटॉनसारखंच हलवतं. निओडायमियम-१५० मध्ये त्यांना लख्ख दोन डोंगर दिसलेच नाहीत, एक तिरका, एका बाजूला ओघळलेला डोंगर दिसला. साक्लेच्या आकड्यांतून आपल्या पायरी ४ ने बीटा काढा, ०.३१ येतो, आणि इतर पद्धतींनी मिळतो ०.२८-०.२९. म्हणजे साक्लेचे दोन डोंगर गरजेपेक्षा जास्त लांब गेलेत अशी शंका घ्यायला जागा आहे. मला वाटतं प्रोजेक्टमध्ये ही दोन्ही मोजमापं शेजारी शेजारी ठेवणं नुसत्या नवीन फिटपेक्षा कितीतरी जास्त मोलाचं आहे, पण गाइडना आधी विचारा, काहींना भांडणाचे विषय आवडत नाहीत.

एक पुरावा ज्यात फिट लागतच नाही

दोन डोंगर खरंच दोन अक्षांचे आहेत हे दाखवायचा सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे केंद्रकं एका दिशेला उभी करणं. फोटॉनचं विद्युत क्षेत्र नेहमी त्याच्या जाण्याच्या दिशेला काटकोनात असतं. सगळे चिकू फोटॉनच्या वाटेत लांबीने झोपवले तर लांब अक्षावर हलवायला क्षेत्रच उरत नाही, खालचा डोंगर खचायला हवा. आडवे झोपवले तर तो वाढायला हवा. होल्मियमचा स्पिन शून्य नाही, सात द्वितीयांश आहे, आणि धातूच्या आत चुंबकीय क्षेत्र जबरदस्त असतं, म्हणून एक केल्व्हिनच्या खाली थंड केलं की त्याची केंद्रकं बऱ्यापैकी रांगेत येतात. १९६५ च्या सुमाराला नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये हे करून बघितलं आणि शोषण खरंच दिशेप्रमाणे बदललं. क्वांटममुळे रांग पूर्ण सरळ लागत नाही, त्यामुळे डोंगर पूर्ण गायब होत नाही, पण वर-खाली होतो ते पुरेसं आहे.

ही पद्धत कुठे लावू नये

हलक्या केंद्रकांना नको. कार्बन, मॅग्नेशियम, सिलिकॉन ह्यांच्यात जीडीआर शेल रचनेमुळे (कण थराथरांत बसतात त्यामुळे) आधीच पाच-सहा तुकड्यांत फाटलेला असतो, त्यातले कुठले दोन आकारामुळे आणि कुठले कशामुळे हे दोन लोरेंट्झला कळत नाही. वर प्रोटॉनही मजेत बाहेर पडतात, म्हणजे न्यूट्रॉन मोजून शोषण मिळतच नाही.

ऑस्मियम-प्लॅटिनमच्या पट्ट्यातही जपून. तिथे तीनही अक्ष वेगळे असायची शक्यता असते, म्हणजे डोंगर तीन आणि एकमेकांवर चढलेले. तीन लोरेंट्झचे नऊ आकडे त्या डेटावर बसवले तर मिळालेलं उत्तर तुमच्या सुरुवातीच्या अंदाजाचंच असतं.

तापलेल्या केंद्रकांचा खेळ वेगळा. दोन आयन आपटून गरम, गरगर फिरणारं केंद्रक बनवतात आणि त्यातून बाहेर पडणारे गॅमा मोजतात, म्हणजे शोषणाच्या उलट दिशेने तोच जीडीआर वाचतात. हे काम आपल्याकडेही होतं, कुलाब्याला टीआयएफआर ह्या संशोधन संस्थेच्या आवारातल्या पेलेट्रॉन-लायनॅक ह्या आयनांना वेग देणाऱ्या यंत्रावर आणि कोलकात्याच्या व्हीईसीसी ह्या सायक्लोट्रॉन केंद्रामध्ये. पण तिथे तापमानाने आकार डुलतो, फिरण्याने ताणला जातो, त्यामुळे वरच्या पायऱ्या जशाच्या तशा उचलून तिथे टाकू नका.

घरी करून बघायला

टँटलम-१८१ घ्या, १९५८ ला ज्याच्यावर हे पहिल्यांदा दिसलं त्यातलंच एक. डोंगर अंदाजे १२.३ आणि १५.३ ला धरा. गुणोत्तर १.२४ यायला हवं, अक्षांचं गुणोत्तर १.२७, बीटा ०.२६, होल्मियमपेक्षा थोडं कमी लांबट. मग एक्सफोरमधून खरा डेटा काढून स्वतः फिट करा आणि क्षेत्रफळांचं गुणोत्तर दोनच्या किती जवळ येतं ते बघा. टँटलमला दोन न्यूट्रॉनचा उंबरठा साधारण १४.२ ला आहे, म्हणजे वरच्या डोंगराच्या माथ्याच्या आधीच, तेव्हा गुणोत्तर तीनच्या वर गेलं तर आधी कॉलमचं हेडिंग बघा.